माळ्यावरची परात

फार वर्षांपूर्वी एका घरात कल्हईची पितळी परात होती. यमुनाकाकू तिच्यात वरणभात कालवायच्या आणि भोवती बसलेल्या पोरांना एकेक घास भरवायच्या. पुढे पोरं मोठी झाली, आपापल्या खोलीत जेवू लागली आणि परात माळ्यावर गेली.

"आता मोडीत जाशील बघ!" स्टीलच्या ताटल्या खालून हसायच्या. परात भीतीने गारठायची.

मग जेवण बाहेरून, डब्यांतून येऊ लागलं. एके दुपारी सूनबाई म्हणाली, "अहो, या ताटल्याही वर टाका."

माळ्यावर अंधार होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी आली, तशा ताटल्या थरथरल्या. "परातबाई, भीती वाटते हो!"

"मलाही वाटते," परात म्हणाली. "या, माझ्यात बसा. पोरंही घाबरली की माझ्याभोवती अशीच चिकटून बसायची."

खाली शिडी टेकल्याचा आवाज झाला, तेव्हा सगळ्या ताटल्या परातीत होत्या.