गंज चढवलेली नळी

"मग आता मिरजेला दुकान घालू का, उस्ताद?"

इलाहीनं बंदुकीची नळी पुढं धरली. काळी कुळकुळीत. तोंड दिसावं अशी.

मकबूल शिकलगारांचं सारं आयुष्य कराडात बंदुका दुरुस्त करण्यात गेलं. आता हात थकले होते. त्यांनी नळी घेतली, अंगठ्याला तेल लावलं अन् सावकाश घासलं.

अंगठा काळा झाला. नळी पांढरी पडली.

"रंगाआधी आरसा केलास तिचा. कशाला धरेल रंग?"

"गिऱ्हाइकाला चमक लागते, उस्ताद."

"गिऱ्हाइकाला... का तुला?"



आता या कामाची रीत अशी. नळीला तेजाबाचा मसाला लावून आधी मुद्दाम गंज चढवायचा. मग ती पाण्यात उकळायची, म्हणजे तोच गंज काळा पडतो, अन् पुढच्या गंजाला आत येऊ देत नाही.

उस्तादांनी काचकागद पुढं सारला.

"मोड तो आरसा. गंजाला पाय टेकायला जागा दे."

इलाहीनं जड हातानं नळी खरबरीत केली. मसाला लावून ठेवली. सकाळी बघतो तर तांबडा गंज अंगभर फुललेला.

तेवढ्यात दारात इलाहीचे सासरे, बाबालाल पटवेगार. मिरजेची जागा त्यांचीच. उस्ताद हो म्हणाले तर जावयाला द्यायची, नाहीतर नाही, असं त्यांचं चोख बोलणं.

इलाहीनं झटकन नळीवर फडकं टाकलं.

उस्ताद गुडघ्यावर हात देत उठले. फडकं काढलं. परत येऊन बसले.

बाबालाल वाकले. "ही बंदुकीची नळी, का विहिरीतला पाईप? कुणाची ही करणी?"

उस्तादांनी भिंतीला टेकून डोळे मिटले...

इलाहीचा हात फडक्याकडं गेला. अर्ध्यात थांबला. मागं आला.

"माझी, मामू. मीच गंजवलीय."

"अन् वर तोंड करून सांगतोस?"

"अजून उकळायचीय. मग परत गंजवायची. परत उकळायची..." मान खाली नव्हती.

बाबालाल वळले. "उस्ताद, काय करू मी या पोराचं?"



उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

"जागेची किल्ली द्या त्याला."