पोचवायला गेलेली माणसं

शूर्पारक बंदरावर पूर्वी महीसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तांडेलांच्या, म्हणजे गलबतांचे सुकाणू धरणाऱ्यांच्या, कुळात जन्मला होता आणि त्याचे नाव सोमिल होते. पाण्याचा रंग पाहून तो बुडातला खडक ओळखत असे. एका वर्षी भद्रवसू नावाच्या व्यापाऱ्याने त्याला दुप्पट मोल देऊन आपल्या गलबतावर घेतले. दक्षिणेच्या बेटांवरून नारळ आणि सुंठ आणायची आहे, असे त्याने सांगितले.

त्यांतल्या एका बेटावर कुमुली नावाची बाई राहत होती. गलबताचे शीड दिसताच ती केवड्याच्या बनात दडली. गावही दारे लावून बसले.

पूर्वी तिथे असे नव्हते. आलेल्या पाहुण्याला जेवू घालायचे, आणि तो निघाला की त्याच्याच नावेत बसून बाहेरच्या काळ्या खडकापर्यंत पोचवायला जायचे, ही त्या लोकांची रीत होती. खडकापाशी निरोप घेऊन ते पोहत परत येत. भद्रवसूने आधी काही वर्षे कापड वाटले, मण्यांच्या माळा वाटल्या, घराघरांत बसून मासे-भात खाल्ला. मग एकदा त्याला पोचवायला निम्मे गाव गात गात गलबतावर चढले. कुमुलीची लेक तांबीही त्यात होती. काळा खडक मागे पडला, तरी शीड उतरले नाही.

गावातलाच कोणी त्याला सामील असणार, या संशयाने तेव्हापासून त्या बेटावर कोणी कोणाच्या घरचे पाणी पीत नसे. गावचा प्रमुख करंजू याच्या बायकोच्या अंगावर नवे वस्त्र दिसले की बाया म्हणत, "कुणाला विकून आणलं गं हे?"

या खेपेला भद्रवसूने करंजूच्या तोंडी कुमुलीला निरोप पाठवला. पलीकडचे बेट हे तिचे माहेर होते. तिथल्या माणसांना तिने गलबतावर जेवायला बोलवावे, मग तांबी परत मिळेल.

"भाऊ तुझे आहेत, खरं आहे," करंजू म्हणाला. "पण लेक कुणाची? माझी आहे का?"

कुमुली हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. कोयता कमरेला खोचून ती झऱ्यावर गेली.

तिथे सोमिल पखाली भरायला आला होता. तिला पाहून तो लांबच थांबला.

"ताई, तुला एक विचारायचं होतं."

"पाणी भर आणि चालता हो."

"गलबताच्या तळाशी लोखंडी कड्या ठोकल्या आहेत. नारळाला कड्या कशाला लागतात? मागच्या बेटावर मालकाने मला लाकडं बघायला म्हणून रानात पाठवलं. तेव्हापासून फळीमागे कोणीतरी खोकतं. विचारलं, तर म्हणतो उंदीर आहेत."

"उंदीर खोकत नाहीत."

"म्हणून तर तुला विचारतो आहे."

कुमुली हसली, पण त्या हसण्यात काही गोडवा नव्हता. "सोंग चांगलं वठवतोस. मागे तुमच्यातला एकजण वैदू होऊन आला होता. एकाने तर रडून दाखवलं. तू काय करणार आहेस?"

"तुला असं वाटणारच," सोमिल म्हणाला.

आपल्या लेकराबाळांची शपथ तो घेईल, असे तिला वाटले होते. त्याने घेतली नाही. तिचा संशय उलट वाढला. मग तिने सरळ विचारले, "तुझा मालक माझ्या तांबीला परत देईल?"

"मागच्या बेटावर एका म्हाताऱ्याला त्याने मुलगा परत द्यायचं कबूल केलं होतं. म्हाताऱ्याने शेजारची माणसं गलबतावर जेवायला आणली, असं नंतर कानावर आलं. आम्ही निघालो तेव्हा तो किनाऱ्यावर एकटाच उभा होता. कशासाठी, ते मला आज कळतं आहे."

"बरं. मग तू आणशील तिला?"

सोमिलने पखालीचे तोंड बांधले. "ती कुठे आहे मला ठाऊक नाही, ताई. मी शोधीन. सापडेल असं म्हणालो, तर ते खोटं होईल."

कुमुलीला त्याचा भयंकर राग आला. खोटे का होईना, हो म्हणाला असता तर बरे झाले असते. पण त्या गलबतावरून आलेल्या माणसांत खोटे वचन न देणारा हा पहिलाच होता.

"एवढ्यावर तुझ्यावर विश्वास ठेवू?"

"ठेवू नकोस. मला तुझ्या घरी बांधून ठेव. या खडकांतून माझ्याशिवाय गलबत बाहेर निघत नाही. तळ उघडल्याशिवाय मी सुकाणूला हात लावणार नाही."

तिने त्याला खांबाला बांधले. गाठ दोनदा ओढून पाहिली आणि कोयता मांडीवर घेऊन दारात बसली.

सोमिलची अट कळल्यावर संध्याकाळी भद्रवसू करंजूला घेऊन आला. "सोमिल, खुळा झालास काय? तिप्पट मोल घे. मिरीच्या मळ्यांना माणसं लागतात. मी नाही नेली, तर दुसरा नेईल."

"मग त्याने दुसरा तांडेल शोधावा."

व्यापारी कुमुलीकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला. "बाई, हाच तुला फसवतो आहे. याला माझ्या हवाली कर. तांबी मला आठवते. गुणाची पोर. रोज तुझी आठवण काढते."

"तिच्या हनुवटीवर काय आहे?" कुमुलीने विचारले.

भद्रवसू जरासा अडखळला. "तीळ. तीळच ना?"

"तिच्या हनुवटीवर काही नाही," कुमुली म्हणाली, आणि कोयता घेऊन उभी राहिली.

करंजूने मान खाली घातली. तो व्यापाऱ्याच्या बाजूने पुढे आला नाही. शेजारची दारे एकेक करून उघडली, आणि भद्रवसू मुकाट्याने परत गेला.

वारा फिरायला लागला होता. आणखी थांबलो तर दर्या खवळेल आणि खडकांवर गलबताचा चुरा होईल, हे खलाशांना कळत होते. अखेर मालकाला न विचारता त्यांनीच तळाच्या फळ्या काढल्या. आतून माणसे बाहेर आली. उजेड सोसवत नसल्याने त्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. कुमुली एकेकाजवळ गेली आणि हात बाजूला करून चेहरा पाहत राहिली. तांबी त्यांच्यात नव्हती.

घरी येऊन तिने सोमिलची दोरी कापली. "शोध," एवढेच म्हणाली.

सोमिलने त्या माणसांना त्यांच्या बेटावर पोचवले. माणसे पळवून नेणाऱ्या गलबताचे सुकाणू धरायचे नाही, असे शूर्पारकाच्या तांडेलांनी त्याच्या सांगण्यावरून ठरवले. भद्रवसूने दुसऱ्या बंदरातून तांडेल आणला. सोमिल मात्र मिरीच्या मळ्यांतून हिंडत राहिला. काही माणसे त्याने सोडवून आणली. काहींना आपले गाव आठवत नव्हते, काहींना आपले नावही. दर वर्षी तो कुमुलीच्या बेटावर जाई. दर वर्षी ती आधी त्याच्या गलबताचा तळ उघडून पाही आणि मगच त्याला पाणी देई.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: भिक्षेला गेलेला एक तरुण भिक्षू रिकाम्या पात्राने परतला होता. एका बाईने आपल्याला चोर समजून दार लावून घेतले, म्हणून तो चिडला होता. त्याला तथागतांनी ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "त्या वेळचे खलाशी म्हणजे तुम्ही भिक्षू. दार लावणारी ती बाई म्हणजे कुमुली. भद्रवसू कोण होता ते विचारू नका, तो अजून बंदरांतून हिंडतो आहे. आणि सोमिल तांडेल मीच होतो."

"भंते, तांबी सापडली का?" भिक्षूने विचारले.

"नाही," तथागत म्हणाले. "त्या जन्मी नाही, आणि नंतरच्या कोणत्याही जन्मी नाही. ज्याचे माणूस असे नेले गेले, त्याचा संशय राग न धरता सोसावा लागतो, आणि तरीही शोधत राहावे लागते. यालाच क्षांती म्हणतात."