सोनकीचं कडं

सोनकी सांगत होती, पण तिचं कुणी खरं मानलं नाही. तीन अमावास्या ती एकच सांगत राहिली, की कडं फुटतंय ते माझ्या शेपटीमुळे नाही.

त्या खाडीत डॉल्फिनांचं राज्य होतं आणि पोट भरायची एकच रीत होती. एकीनं तळाशी शेपूट आपटत गोल फिरायचं आणि माशांच्या थव्याभोवती गाळाचं कडं घालायचं. बाकीच्यांनी कड्याबाहेर रांगेत, पाण्यावर डोकी काढून, तोंडं मिटून थांबायचं. कडं पुरं झालं की कडं घालणारी पाण्यावर शेपटीची थाप मारी. मग तोंडं उघडायची. भेदरलेले मासे गाळावरून उड्या मारत, ते थेट दाढेत. थापेआधी कुणी मान वळवायची नाही. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघणं वाईट चालीचं समजत. कडं घालणारी शेवटी खाई.

आता थाप पडे आणि कड्यात चार मासे उरलेले नसत. शेवटी खाणारीला तर काहीच नाही. सोनकीचं दूध आटलं. तिच्या लेकीच्या, पारूच्या, मानेमागे खळगा पडला.

सोनकी म्हणे, पाऊण कडं झालं की रांगेतलं कुणीतरी गाळात थोबाड खुपसतं, भोक पडतं, आणि थवाच्या थवा तिथून पसार होतो. कोण ते मला आतून दिसत नाही, पण पाणी हिसकतं ते कळतं. रांग हसली. तिची नणंद भिवरा म्हणाली, "वय झालं की शेपूट नाहीतर जीभ, एकच चालतं गं. तुझी जीभ चालते."

निवाडा थोरल्यांकडे गेला. ते सगळ्यांत वडील, रांगेच्या टोकाला उभे राहणारे. त्यांचं नाव कुणी घेत नसे. या उपासमारीत एकटे तेच गुबगुबीत होते, आणि ती त्यांची पुण्याई, असं मानायची पद्धत होती.

"उद्याचं कडं शेवटचं, सोनके," थोरले शांतपणे म्हणाले. "रिकामं निघालं तर पोरीला घेऊन खडकापलीकडे जा."

खडकापलीकडे मुशी फिरत. डॉल्फिनचं पिल्लू त्यांना दोन घासांचं.

सोनकी रडली नाही. "जाईन," ती म्हणाली. "पण उद्याची थाप माझी आहे. ती पडेस्तोवर कुणी हलायचं नाही."

सकाळी ओहोटीला तिनं कडं धरलं. शेपटीला जोर नव्हता, तरी गाळ भिंतीसारखा उठला. पाऊण कडं झालं आणि पाणी हिसकलं. सोनकी तिथंच थांबली. थवा निसटला, तो तिनं जाऊ दिला. रांगेच्या टोकापलीकडे, थोरल्यांच्या पाठीमागे, ती हळूच वर आली आणि गप्प राहिली.

रांग थापेची वाट बघत होती. थाप पडेना. गाळ खाली बसत चालला. शेवटी भिवरानं मान वळवली, ही मेली कुठं म्हणून. मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. सोनकी दिसायची तर नजर अख्ख्या रांगेवरून जायला हवी होती. ती गेली. मिटलेलं तोंड, मिटलेलं तोंड, मिटलेलं तोंड. आणि टोकाला एक उघडं, दातांत तडफडणारी माशाची शेपटी.

पारू आईला जाऊन बिलगली. कुणी नजर खाली घातली नाही. भिवरा सोनकीशेजारी येऊन थांबली आणि जे नाव खाडीत कुणी घेत नसे, ते तिनं स्वच्छ घेतलं.

"गजाबा."