बकरी लावा, म्हैस न्या

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही जरा इकडे सरका; कारण यातली चूक पोरासोरांची नाही, चांगल्या जाणत्या माणसांची आहे.

एका राज्यात नदीच्या काठाने सात गावं होती आणि नदीच्या मधोमध एक बेट होतं. उन्हाळ्यात काठावरचं गवत करपून जाई, पण बेटावर मात्र गुरांच्या पोटाला लागेल इतकं उंच गवत उभं असे. त्या गवतापायी सातही गावं दरवर्षी एकमेकांची डोकी फोडत. शेवटी राजा वैतागला. म्हणाला, "डोकी कसली फोडता? चेंडू खेळा. जे गाव जिंकेल, त्याची गुरं त्या उन्हाळ्यात बेटावर चरतील."

तेव्हापासून गावोगाव लाथचेंडूचे संघ उभे राहिले. माळावर दोन बांबू रोवायचे आणि त्यांच्या मधून चेंडू घालवायचा, एवढाच खेळ. पण त्यावर गुरांचं पोट अवलंबून, म्हणून पोरांना तयार करायला प्रत्येक गावाने एकेक वस्ताद ठेवला. संघ जिंकला की पोरांची वरात निघे, हरला की वस्तादाचा उद्धार होई. जगाची रीतच आहे ती.

वस्तादाला नारळ द्यायची रीत मात्र न्यारी होती. ज्याला तो नकोसा झाला असेल, त्याने दुपारी वस्ताद माळावर गेला की त्याच्या उंबऱ्यावर एक दगड ठेवून यायचं. दगड कोणी ठेवला हे कोणी विचारायचं नाही. दगडांनी उंबरा झाकला गेला, की वस्तादाने गाठोडं उचलून गाव सोडायचं. वाडवडिलांना वाटलं होतं, यात कुणाला कुणाच्या तोंडावर वाईट बोलावं लागणार नाही. तोंडावर बोलायची लाज गेली की माणूस काय काय करतो, ते बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

यांपैकी एका गावात एक तांबट राहत होता. हात कष्टाळू, जीभ गोड, आणि स्वभाव थोडा चिक्कू. त्याचा मुलगा लहानपणी इतका भित्रा, की अंगणात कुणी भांडं आपटलं तरी आईच्या पदराआड दडायचा. गावच्या वस्तादाने त्याला माळावर नेलं, महिनोन्‌महिने त्याच्यावर घाम गाळला, आणि तेच पोर पुढे दोन बांबूंच्या मध्ये असं उभं राहू लागलं, की सातही गावांत त्याच्यासारखा राखणदार नव्हता. तांबट चारचौघांत म्हणायचा, "जन्म मी दिला, पण माणूस वस्तादांनी केला."

आता या वस्तादांच्या जाण्यायेण्यावर बाजारात पैजा लागायला लागल्या. पुढचा नारळ कुणाला? वरच्या गावच्या वस्तादाला की पलीकडच्या? कुणी पायली जोंधळा लावी, कुणी घोंगडी. हळूहळू झालं असं, की खेळ कोण जिंकला हे कुणी विचारीना. "गेला का तो?" एवढंच विचारीत. तांबटही परगावच्या वस्तादांवर पैजा लावून दोन घोंगड्या जिंकला होता. परक्याच्या घरचा उंबरा झाकला तर आपल्या बापाचं काय जातं?

एका बाजाराला लांबच्या मुलखातून एक हेडी आला. गुरांचा दलाल तो, मागे म्हशींचा भला मोठा कळप. त्याने तांबटाला हळूच बाजूला घेतलं.

"तुमच्या वस्तादाला होळीच्या आत नारळ मिळेल, अशी पैज लावता का?"

तांबट हसला. "आमचा वस्ताद? अहो, दोन वर्षं बेट आमच्याकडे आहे. त्याला कोण काढतंय!"

"म्हणून तर भाव चढा आहे," हेडी म्हणाला. "बकरी लावा, म्हैस न्या. वस्ताद राहिला तर बकरी माझी. गेला तर म्हैस तुमची."

एका बकरीला एक दुभती म्हैस! तांबटाच्या तोंडाला पाणी सुटलं. तो मनाशी म्हणाला, 'मी लावल्याने थोडाच वस्ताद जाणार आहे? गंमत म्हणून लावू.' हेडीने बकरीच्या गळ्यात खूण म्हणून लाल दोरा बांधला आणि बजावलं, "कुणाला सांगू नका, भाव पडेल." तांबटाने बकरी परसातल्या गोठ्यात अगदी आतल्या बाजूला नेऊन बांधली.

माघात बेटाचा शेवटचा सामना आला. समोर खालच्या अंगाचं गाव. दोन्ही संघ तोडीस तोड. सूर्य कलला तरी एकही चेंडू बांबूंच्या मधून गेला नव्हता. मग समोरच्या पोराने एक साधा, सरपटता चेंडू मारला. तांबटाचा मुलगा डोळे मिटूनही तो अडवू शकला असता. तो वाकला, हात पुढे केले, आणि चेंडू हातांखालून मागे गेला.

आणि बाळांनो, त्या क्षणी तांबटाच्या पोटात आनंदाची उकळी फुटली!

त्याची त्यालाच धडकी भरली. पोरगं आपलं, गाव आपलं, बेट हातचं गेलं, आणि आपल्याला हसू येतंय? त्याने घाईघाईने तोंडावर उपरणं धरलं आणि चोरट्या नजरेने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या कोष्ट्याने तोंडावर हात धरला होता. पुजाऱ्याने पाठ फिरवली होती, पण त्याचे खांदे हलत होते. गाव हरलं होतं आणि माळावर एकही डोळा ओला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांबट धोतराच्या सोग्यात दगड लपवून निघाला. 'माझा एकच तर,' असं स्वतःला समजावत होता. वस्तादाच्या दारात पोचला तो काय, उंबरा अर्धा झाकलेला! त्याने आपला दगड त्यावर टेकवला आणि मागे न बघता घर गाठलं. दिवेलागणीला उंबरा दिसेनासा झाला होता.

गाठोडं खांद्याला लावून वस्ताद दगडांवरून उतरला. वेशीपर्यंत पोचवायला फक्त तांबट गेला. जाणं भागच होतं. गेला नसता तर लोकांना संशय आला असता. वेशीपाशी वस्ताद थांबला.

"तांबटदादा, एक सांगतो, रागावू नका. पोराला जपा."

"का हो? हरला म्हणून मनाला लावून घेतलंय का त्याने?"

"तो हरला नाही. त्याने चेंडू सोडला. मी त्याचे हात ओळखतो. का सोडला ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."

तांबटाला वाटलं, हा माणूस जाता जाता लेकराला डाग लावतोय. तो तिथूनच मागे फिरला.

सकाळी तो बकरी घेऊन हेडीच्या तळावर गेला. मनात धाकधूक, कुणी पाहिलं तर? आणि समोर बघतो तर अख्खं गाव रांगेत उभं! कोष्टी होता, पुजारी होता, पाटलीणबाई होत्या. वस्तादाचा सख्खा साडूसुद्धा होता. प्रत्येकाच्या हातात दावं, दाव्याला बकरी, आणि प्रत्येक बकरीच्या गळ्यात लाल दोरा. कुणी कुणाकडे बघेना. नुसत्या बकऱ्या तेवढ्या ओरडत होत्या.

हेडीने शब्द पाळला. एकालाही फसवलं नाही. बकरी पाहून दोरा सोडायचा आणि म्हैस द्यायचा.

तांबट म्हैस घेऊन दारात आला. मुलगा अंगणात बसला होता. तांबटाने बळेच हसून विचारलं, "काय रे, वस्ताद म्हणतो तू चेंडू मुद्दाम सोडलास. खोटंच ना?"

मुलगा म्हणाला, "खरं आहे."

"का?"

"बाबा, मी गोठ्यात बकरीच्या गळ्यातला दोरा पाहिला होता. हेडी असा दोरा कशासाठी बांधतो, ते मी बाजारात त्याला कोष्ट्याशी बोलताना ऐकलं होतं. आपली बकरी जाईल म्हणून तुम्ही काळजीत असाल असं वाटलं." त्याने म्हशीकडे पाहिलं. "तुम्हाला हेच हवं होतं ना?"

तांबटाच्या हातातलं दावं गळून पडलं. ज्या वस्तादाने या पोराला माणूस केलं, त्याच्या पायाखालची जमीन याच पोराच्या हातून काढून घेतली गेली होती, आणि पोराला वाटत होतं आपण बापाची सेवा केली.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. चैत्रात काठावरचं गवत करपलं. बेट खालच्या गावाचं झालं होतं. घरोघरी दुभत्या म्हशी आणि वैरण काडीभर नाही. त्यांचं हंबरणं ऐकून लोकांना घास गिळवेना. तेवढ्यात तोच हेडी परत आला. म्हणाला, "म्हैस द्या, बकरी न्या." लोकांनी मुकाट्याने दिली. तांबटाची म्हैस तर उठूनही उभी राहत नव्हती. तिच्या बदल्यात त्याला बकरीही मिळाली नाही.

वस्तादाला खालच्या गावाने मानाने ठेवून घेतलं. तांबटाच्या गावाने नवा वस्ताद शोधला, पण ज्या गावाने असा उंबरा झाकला, तिथे यायला कुणी धजेना.

मुलगा अजूनही माळावर बांबूंच्या मध्ये उभा राहतो. पण आता चेंडू आला, की तो चेंडूकडे बघत नाही. आधी बापाच्या तोंडाकडे बघतो, आज काय हवं आहे ते कळावं म्हणून. आणि तांबट काठावर मान खाली घालून बसतो.

तात्पर्य: ज्याच्या पडण्यावर आपण पैज लावतो, त्याला पाडायला शेवटी आपल्याच घरातले हात पुढे होतात.