बोल्ट ठोकलेले बाक

आमच्या शाळेची नवी इमारत उभी राहत होती आणि संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब धायगुडे हट्टाला पेटले होते. बाक जमिनीला बोल्टनी आवळायचे, सगळे फळ्याकडे तोंड करून!

"हल्ली मुलं गोल बसून एकमेकांना शिकवतात," मुख्याध्यापिका खरमाटेबाई म्हणाल्या.

"गोल बसून पोरं गप्पा हाणतात. वादच नको!"

बाईंनी वाद घातला नाही. एका वर्गात बाक तसेच ठोकून घेतले आणि कार्यकारिणीची सभा तिथेच बोलावली. अण्णासाहेब ऐटीत पहिल्या बाकावर बसले. मागून एकेक सभासद बोलू लागला आणि दर वेळी त्यांना वळून बघावं लागलं. शेवटी आखडलेली मान चोळत ते ओरडले, "समोरासमोर बसल्याशिवाय चर्चा होते का कुठे? काढा हे बोल्ट!"

बाईंनी ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं. खाली 'अध्यक्षांचा ठराव, सर्वानुमते मंजूर' असं लिहून वही सहीसाठी पुढे केली.

"अहो, मी आजच्या सभेबद्दल बोललो!"

"साहेब, वर्गात तर अशी सभा रोज भरते."

अण्णासाहेबांनी मानेवरचा हात काढला आणि पेन मागितलं.