चुलीतला शेवटचा निखारा

खाडीकाठच्या खारेवाडीत अच्युतनाथ महाराज देवळाच्या ओसरीवर उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. "चुलीत जो अग्निनारायण, तोच आपल्या पोटात," असे महाराज सांगत. ते ऐकल्यापासून चंद्राई पहिला घास चुलीला दिल्यावाचून जेवत नसे. थोरली जाऊ अनसूया हसायची, "मातीला पोट असतं होय गो?"

चंद्राईचा नवरा म्हादू वादळात होडीसकट वाहून गेला. कित्येक दिवसांनी तो एका खडकावर जिवंत सापडला, तेव्हा हाडांवर नुसती कातडी उरली होती. महाराजांनी निरोप धाडला, "पातळ पेज द्या. पळी-पळीनेच." चंद्राईने पेज शिजवली.

अनसूया फणकारली, "भुकेल्याला पाणी पाजायला सांगतात तुझे महाराज! सरक बाजूला!" आणि लाडक्या दिराला तिने तुपातला शिरा वाटीभर भरवला.

घटकाभरात म्हादूच्या छातीत धडधड सुटली. हातपाय गार पडले, डोळे फिरले. त्याला शेक द्यावा म्हणून अनसूयेने घाईघाईने चुलीत भला थोरला ओंडका कोंबला. नुसता धूर झाला, चूलही विझत आली. चंद्राईने हाक मारली, "महाराज, धावा हो!"

आणि काय सांगावे! महाराज दारातच उभे! त्यांनी ओंडका ओढून काढला. राखेत गुंजेएवढा निखारा होता.

"त्याच्या पोटातही एवढाच उरलाय," महाराज म्हणाले. गवताची काडी ठेवून त्यांनी हळूच फुंकर घातली. निखारा लाल झाला, आणि म्हादूची छाती वर आली! फुंकर थांबली की श्वासही थांबे. चंद्राई तोंडात पदर धरून कधी निखाऱ्याकडे, कधी नवऱ्याकडे बघे. काडीची राख झाली. निखारा काळा पडला. म्हादू हलेना.

"गेला गो बाई!" अनसूयेने हंबरडा फोडला.

महाराजांनी डोळे मिटून दुसरी काडी ठेवली. धूर आला... आणि इवलीशी ज्योत उठली. म्हादूचे ओठ हलले, "पाणी..."

अनसूया महाराजांच्या पायांवर कोसळली. "मी मारलाच होता हो त्याला!"

"मायेनेच भरवलंस, बाई. पण अन्न अंगी लावतो तो आतला अग्नी. तो मंदावला की आधी काडी, मग ओंडका." महाराजांनी पेजेची पळी तिच्याच हाती दिली.

अनसूयेने पहिली पळी चुलीला वाहिली, हात जोडले, आणि मग दुसरी दिराच्या ओठांशी नेली.