असं देवमासा म्हणतो

फार जुनी गोष्ट. नदी समुद्राला मिळते त्या खाडीत मासळ्यांची सभा भरायची. सभेचा एक दंडक होता. काहीही सांगायचं, तर शेवटी 'असं अमका म्हणतो' हे जोडायचंच. जेवढं नाव मोठं, तेवढा मान. मग काय, जो तो देवमाशाचंच नाव घेई. त्याला पाहिलं होतं कोणी? कोणीच नाही.

एकदा नदीतून वाम मासळी धापा टाकत आली. "वरच्या डोहाचं पाणी विषारी झालंय! माझी बहीण तिथेच मेली."

"असं कोण म्हणतं?" म्हाताऱ्या शिंगाळा माशाने विचारलं.

"मी म्हणते, काका. डोळ्यांनी बघून आलेय."

"वामताई, स्वतःचं नाव इथे चालत नाही." सभा फिदीफिदी हसली.

वाम रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, "डोहाचं पाणी विषारी झालंय, असं देवमासा म्हणतो."

आता कुठे सभा हादरली. बातमी तोंडोतोंडी पसरली. पसरता पसरता बातमीतला डोह गळून पडला आणि देवमासा तेवढा राहिला. देवमासा म्हणतो, म्हणजे विषारी झालेलं पाणी समुद्राचंच असणार! घाबरलेली सगळी खाडी पिल्लांना पुढे घालून नदीत शिरली आणि थेट डोहाकडे पळत सुटली.

वाम वाटेत आडवी झाली. "अहो, डोहात जाऊ नका!"

"असं कोण म्हणतं?" शिंगाळ्याने जाता जाता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो पिल्लांच्या मागोमाग डोहात उतरला.